नावं ठेवण्याचं राजकारण

१ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळांमधून जी भाषणं होतात, त्यांत एक वाक्य हमखास असतं : ‘लोकमान्य टिळक हे भारतीय असंतोषाचे जनक होते.’ शेंगांची टरफलं आणि हे बिरुद, या दोन गोष्टींवाचून टिळकांवरचं भाषण पुरं होत नाही. पण हे बिरुद त्यांना कुणा चाहत्यानं दिलेलं नाही. लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाचे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात ते आलं, आणि आलं ते आरोप म्हणून. हिंदुस्थानातली जनता मुळात सुखी होती, कुणीतरी तिला चिथावलं, आणि तो चिथावणारा म्हणजे टिळक, असा चिरोल यांचा रोख होता.

टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांनी या पुस्तकातल्या विधानांबद्दल चिरोल यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. तिच्यासाठी १९१८ साली ते विलायतेला गेले आणि १९१९च्या सुरुवातीला लंडनच्या कोर्टात दावा हरले. वर खर्चाचा डोंगर डोक्यावर आला. कोर्टात चिरोल जिंकले. मात्र त्यांनी टिळकांवर मारलेला शिक्का पुढच्या पिढ्यांनी उचलला, पुसून लख्ख केला आणि टिळकांच्याच तसबिरीवर लावला. आज पाचवीतला मुलगा तो शब्द छाती फुगवून म्हणतो. तो मुळात आरोप होता हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

राजकारणात एकमेकांना नावं ठेवण्याचा उद्योग अखंड चालू असतो. ती नावं कुठून येतात याच्या गोष्टी रंजक असतात, पण या प्रकरणात आपल्याला पाहायची आहेत ती त्या नावांच्या अर्थावरून होणारी भांडणं. ही भांडणं वरवर शब्दकोशाची वाटतात. ‘खरा पुरोगामी कोण?’, ‘गद्दार कोणाला म्हणायचं?’, ‘डावा म्हणजे नेमका किती डावा?’ असे प्रश्न चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. नीट पाहिलं तर त्यांत तीन वेगवेगळी भांडणं एकमेकांत गुंतलेली दिसतात. पहिलं हद्दीचं : या नावात कोण बसतं आणि कोण बसत नाही. दुसरं मापाचं : कोणत्या गोष्टीवरून मोजायचं. तिसरं मालकीचं : अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, नाव ठेवणाऱ्याचा की ज्याला ठेवलं त्याचा.

जहाल कोण, मवाळ कोण?

ही तिन्ही भांडणं एकत्र पाहायची तर जहाल-मवाळ वादाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. १९०५च्या वंगभंगानंतर काँग्रेसमध्ये दोन तट पडले. इंग्रजी वृत्तपत्रं त्यांना ‘एक्स्ट्रीमिस्ट’ आणि ‘मॉडरेट’ म्हणू लागली, मराठीत ते जहाल आणि मवाळ झाले. मराठी शब्दांनी त्यात आपली चव मिसळली. जहाल म्हटलं की विष आठवतं. मवाळ म्हणजे मऊ, सौम्य. सुनेचा स्वभाव मवाळ असला तर तिचं कौतुक होतं, पण पुढाऱ्याला मवाळ म्हटलं तर तो कौतुक समजत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापलं नाव नकोसं होतं. टिळकांची मंडळी स्वतःला ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणवून घेत. त्यातही खोच होतीच. आम्ही राष्ट्रीय म्हटल्यावर समोरचे कोण, हे न बोलता सांगून झालं.

२ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यात टिळकांनी नव्या पक्षाच्या तत्त्वांवर भाषण केलं आणि सुरुवातीलाच या दोन शब्दांना हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे शब्द काळाशी बांधलेले आहेत. दादाभाई नौरोजींची जी मतं आज मवाळ समजली जातात, ती त्यांनी पहिल्यांदा मांडली तेव्हा त्यांनाच जहाल म्हटलं गेलं होतं. कालचे जहाल आज मवाळ झाले आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. ज्याच्यावर शिक्का बसला आहे त्याच माणसानं शिक्क्याची इतक्या थंडपणे केलेली चिकित्सा राजकारणात क्वचित सापडते.

ही चिकित्सा झाली म्हणून भांडण मिटलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरायचं होतं नागपूरला. तिथे टिळकांच्या लोकांचा जोर होता, म्हणून ते सुरतेला हलवण्यात आलं. सुरत हा फिरोजशहा मेहतांच्या प्रभावाखालचा मुलूख. अध्यक्षपदासाठी जहालांना लाला लजपत राय हवे होते, ठरले रासबिहारी घोष. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी घोष यांच्या नावाला अनुमोदन द्यायला उभे राहिले, तेव्हा एवढा गोंधळ झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळक व्यासपीठावर चढले. आपल्याला उपसूचना मांडायची आहे अशी चिठ्ठी त्यांनी आधीच पाठवली होती. अध्यक्षांनी परवानगी नाकारली. टिळक हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले, हटायला तयार होईनात. त्यांना खाली उतरवायला काही जण पुढे सरसावले आणि तेवढ्यात मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. लाल कातड्याचा, दक्षिणी बनावटीचा तो जोडा सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

आता हा जोडा नेमका कशावरून उडाला? आदल्या वर्षी कलकत्त्याला दादाभाईंच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले होते. सुरतेला ते सौम्य केले जातील अशी जहालांना धास्ती होती. त्यातही खरी मेख बहिष्काराची होती. तो विलायती कापडापुरता ठेवायचा, की सरकारी शाळा, कोर्टं, नोकऱ्या इथपर्यंत न्यायचा? बंगालपुरता, की देशभर? म्हणजे जहाल आणि मवाळ यांच्यातली रेघ एका ठोस प्रश्नावर ओढता येत होती. सुरतेच्या मंडपात कुणी शांतपणे हा प्रश्न विचारला असता, तर कितीतरी माणसांना आपण कुठल्या बाजूला आहोत हे सांगताना अडखळायला झालं असतं. हे झालं हद्दीचं भांडण.

मापाचं भांडण याहून अवघड आहे. १८९१ साली संमतिवयाचं विधेयक आलं. विवाहित मुलीच्या बाबतीत शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं होतं. परकीय सरकारनं आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, असं म्हणत टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. आगरकर आणि गोखले विधेयकाच्या बाजूनं होते. पुढे १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक कौन्सिलात आणलं. देशातल्या प्रत्येक मुलाला शाळेत घालण्याची भाषा त्या काळी एखाद्या बहिष्काराइतकीच धाडसाची होती. विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. मग यांतला जहाल कोण? सरकारशी किती भिडता या मापानं टिळक जहाल, गोखले मवाळ. समाजाशी किती भिडता या मापानं गणित उलटं होतं. जहाल आणि मवाळ या शब्दांत फक्त पहिलं माप बसलेलं आहे आणि दुसरं गायब आहे. शंभर वर्षांनंतरही आपण ते पहिलंच माप घेऊन फिरतो, कारण ते त्या शब्दांबरोबर आपल्या हाती आलं.

आता मालकीचं पाहू. १९१६ साली लखनौला दोन्ही तट पुन्हा एकत्र आले. १९१८ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरून मवाळांनी काँग्रेस सोडली आणि वेगळा लिबरल पक्ष काढला. मवाळ हे लोकांनी ठेवलेलं नाव टाकून त्यांनी लिबरल हे स्वतः निवडलेलं नाव घेतलं. महाराष्ट्रानं मात्र त्यांना शेवटपर्यंत मवाळच म्हटलं. टिळक १९२०च्या १ ऑगस्टला गेले आणि गांधीजींचं असहकाराचं पर्व सुरू झालं. १९२५ साली मध्य प्रांतातले स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली. सरकारात जागा न घेण्याचं पक्षाचं धोरण मोडलं म्हणून पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू खवळले. तांब्यांची पाठराखण करायला पुढे आले ते न. चिं. केळकर, म्हणजे टिळकांचे उजवे हात आणि ‘केसरी’चे संपादक. केळकर, जयकर, मुंजे यांनी सरकारशी प्रसंग पाहून सहकार्य करण्याचा पक्ष काढला. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचंच हे पुढचं पाऊल आहे असं ते सांगत. गांधींच्या अनुयायांना त्यात जुना मवाळपणा दिसला. टिळकांचं कलकत्त्यातलं भाकीत अठरा-वीस वर्षांत खरं झालं, आणि झालं ते त्यांच्याच शिष्यांवर.

टोरी, व्हिग आणि बहुमतवाले

हा काही आपलाच खास रोग नाही. ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाला तिथे आजही सर्रास ‘टोरी’ म्हणतात. हा शब्द आयरिश आहे. परागंदा होऊन लूटमार करत फिरणाऱ्या आयरिश कॅथलिकांसाठी तो वापरला जाई. त्याच्या जोडीचा ‘व्हिग’ आला स्कॉटलंडमधून. तिथल्या बंडखोर प्रेस्बिटेरियन लोकांना हिणवायला तो वापरत. १६७९ ते १६८१ या काळात इंग्लंडमध्ये वाद पेटला : राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक आहे, तर त्याला गादीवर येऊ द्यायचं की नाही? येऊ द्यावं म्हणणाऱ्यांना विरोधकांनी टोरी म्हटलं, येऊ देऊ नये म्हणणाऱ्यांना व्हिग. म्हणजे एका बाजूला दरोडेखोर, दुसऱ्या बाजूला धर्मवेडे बंडखोर. थोड्याच काळात दोन्ही पक्षांनी आपापली शिवी अंगावर चढवली आणि तिच्यावरच दीडशे वर्षं राजकारण केलं.

शिवीचं नाव झालं तरी अर्थाचं भांडण थांबलं नाही. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश निघाला. जॉन्सन स्वतः कट्टर टोरी. त्यांनी टोरी या शब्दाची व्याख्या ऐसपैस केली, देशाच्या प्राचीन घटनेशी आणि चर्चच्या परंपरेशी निष्ठा ठेवणारा असा मान दिला. व्हिगची मात्र ‘एका गटाचं नाव’ एवढ्यावर बोळवण केली. शब्दकोशकाराला तटस्थ समजण्याची आपली सवय असते, पण राजकीय शब्दापाशी आल्यावर शब्दकोशकारही मतदारच असतो. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात राजाशी निष्ठावंत राहिलेल्यांना ‘टोरी’ म्हटलं गेलं आणि त्यांच्या मालमत्ता जप्त झाल्या. तोच शब्द लंडनमध्ये अभिमानानं मिरवता येत होता आणि बोस्टनमध्ये माणसाला देशोधडीला लावत होता.

स्वतःचं नाव स्वतः ठेवण्यात सगळ्यांत चतुर निघाले लेनिन. १९०३ साली रशियन समाजवाद्यांची परिषद ब्रुसेल्समध्ये सुरू होऊन लंडनमध्ये संपली. पक्षाचा सभासद कोणाला म्हणावं या महत्त्वाच्या मतदानात लेनिन हरले होते. नंतर काही प्रतिनिधी सभात्याग करून गेले आणि मुखपत्राच्या संपादक मंडळाच्या निवडणुकीत लेनिनच्या बाजूला निसटतं बहुमत मिळालं. तेवढ्यावर त्यांनी आपल्या गटाला ‘बोल्शेविक’, म्हणजे बहुमतवाले, म्हणायला सुरुवात केली. नवल प्रतिस्पर्ध्यांचं. मार्तोव्ह आणि त्यांच्या साथीदारांनी ‘मेन्शेविक’, म्हणजे अल्पमतवाले, हे नाव पत्करलं आणि पुढे पक्षात त्यांची संख्या जास्त झाली तेव्हाही ते टाकलं नाही. नाव एकदा चिकटलं की आकडे त्याच्यापुढे हात टेकतात.

चमचा : व्याख्या करून दिलेली शिवी

शिवी देणारा सहसा तिची व्याख्या करत बसत नाही. व्याख्या केली की नेम सुटतो, कारण व्याख्येत कधीतरी आपलीच माणसं सापडतात. याला एक ठळक अपवाद आहे आणि त्याचा पुण्याशी दुहेरी संबंध आहे. १९३२च्या २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. त्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ला, कांशीराम यांचं ‘द चमचा एज’ हे पुस्तक निघालं. कांशीराम यांची राजकीय जडणघडणही पुण्यातच झाली. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना त्यांना आंबेडकरी विचार भेटला आणि नोकरी सुटली.

चमचा हा शब्द उत्तर भारतात आणि आपल्याकडेही साहेबाच्या मागेपुढे करणाऱ्यासाठी वापरतात. कांशीराम यांनी तो काटेकोर केला. त्यांच्या मते चमचा म्हणजे जो स्वतः चालत नाही, दुसऱ्याच्या हातानं चालतो, आणि ज्याचा वापर त्याच्याच समाजाविरुद्ध होतो. पुणे करारातून आलेल्या संयुक्त मतदारसंघांत राखीव जागांवर निवडून येणाऱ्यांना दलितेतर मतांवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून ही व्यवस्थाच चमचे तयार करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी चमच्यांचे प्रकार पाडले आणि चमचा व प्रामाणिक कार्यकर्ता यांत फरक केला. राखीव जागांवरून निवडून आलेल्यांना ही व्याख्या मान्य होणं शक्यच नव्हतं. आत राहून जे मिळवता येतं ते बाहेरून मिळत नाही, हे त्यांचं उत्तर. पुढे १९९५ साली कांशीराम यांच्याच बहुजन समाज पक्षानं भाजपच्या पाठिंब्यावर उत्तर प्रदेशात सरकार बनवलं, तेव्हा सत्तेची चावी नेमकी कोणाच्या हातात आहे हा प्रश्न त्याच व्याख्येच्या आधारे विचारता येत होता. व्याख्या केलेल्या शिवीचा हाच फायदा असतो. तिच्याशी वाद घालता येतो, आणि ती देणाऱ्यालाही लावून बघता येते.

आयाराम ते गद्दार

एक राजकीय टोमणा मात्र थेट राज्यघटनेत पोहोचला. १९६७ साली हरियाणातले हसनपूरचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. राव बीरेंद्रसिंग त्यांना घेऊन पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, गयाराम आता आयाराम झाले. तेव्हापासून पक्ष बदलणारा प्रत्येक पुढारी आयाराम-गयाराम झाला. त्या वर्षभरात देशात पक्षांतरांची लाटच आली होती. लोकसभेच्या ठरावावरून तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीपुढचा पहिला पेच शब्दाचाच होता : पक्षांतर करणारा म्हणजे कोण? मतभेदामुळे बाहेर पडलेला प्रामाणिक माणूस आणि मंत्रिपदासाठी उडी मारणारा यांत फरक कसा करायचा?

१९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आणलं आणि कसोट्या लिहून ठेवल्या. पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेनं सोडलं किंवा पक्षादेश मोडला तर सभागृहाचं सदस्यत्व जाईल. एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट, पक्षांतर नव्हे. २००३ साली ही सवलत काढली आणि दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं ठेवलं. म्हणजे कायद्याच्या भाषेत एकटा गेला तर अपात्र आणि घाऊक गेले तर विलीनीकरण. लोकांच्या टोमण्यात असा हिशेब नव्हता.

महाराष्ट्राला हे सगळं तोंडपाठ आहे. १९७८ साली वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि शरद पवारांचं ‘पुलोद’ सरकार आलं. एका बाजूनं तो ‘पाठीत खुपसलेला खंजीर’ होता, दुसरी बाजू त्याला पर्यायी आघाडीचा प्रयोग म्हणते. २०१९च्या नोव्हेंबरातला पहाटेचा शपथविधी एकाच्या लेखी डाव, दुसऱ्याच्या लेखी दगा. २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेचे एकनाथ शिंदे आणि त्यांच्या बरोबरचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, आणि त्यानंतर राज्याचं राजकारण एका शब्दाभोवती फिरलं : गद्दार. विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके’च्या घोषणा झाल्या. शिंदे गटानं बंड हा शब्दसुद्धा नाकारला, आपला तो ‘उठाव’ असं सांगितलं. त्या वर्षीच्या दसरा मेळाव्यात शिंदे म्हणाले की आपण केली ती गद्दारी नव्हे, तो गदर आहे. खरी गद्दारी २०१९ साली भाजपशी असलेली युती मोडून झाली, असा त्यांचा दावा. उद्धव ठाकरे यांच्या मते ती २०२२ साली झाली. शब्द एकच, वाद तारखेचा. आणि तारीख ठरते ती निष्ठा कोणाशी होती यावरून : पक्षप्रमुखाशी, मतदाराशी, युतीशी, की संस्थापकाच्या विचाराशी?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ मे २०२३ला घटनापीठानं निकाल दिला आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. १० जानेवारी २०२४ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवलं आणि दोन्हीकडच्या कोणालाच अपात्र केलं नाही. कायद्याच्या कसोटीला सगळे उतरले, पण गद्दार हा शब्द जिथल्या तिथे राहिला, कारण तो कायद्यातून आलेलाच नव्हता.

शिक्का कायद्याच्या दारात

शिव्या आणि टोमणे गल्लीत राहतात तोवर त्यांचं फार बिघडत नाही. मराठीत तर हे भांडवल भरपूर आहे. ‘पुरोगामी महाराष्ट्र’ हे शब्द सगळ्याच पक्षांचे नेते भाषणात वापरतात. त्याच वेळी समाजमाध्यमांवर पुरोगाम्यांना ‘फुरोगामी’ म्हणून खिजवलं जातं आणि समोरच्याला ‘भक्त’ म्हणून परतफेड होते. वारकऱ्यांच्या या भूमीत भक्त हा शब्द टवाळीचा व्हावा, ही या काळाची करणी. २०२१च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी राज्यसभेत ‘आंदोलनजीवी’ हा शब्द वापरला, तेव्हा शेतकरी आंदोलकांनी आम्हाला त्याचा अभिमान आहे असं उत्तर दिलं. टोरींनी साडेतीनशे वर्षांपूर्वी केलं तेच.

प्रश्न गंभीर होतो तो शिक्क्यापाठोपाठ पोलीस येतात तेव्हा. २०१८ साली पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात अटका केल्या आणि ‘अर्बन नक्षल’ हा शब्द घरोघरी पोहोचला. काहींच्या मते त्याचा अर्थ स्पष्ट होता : शहरात राहून बंदी घातलेल्या माओवादी संघटनेला मदत करणारा. काहींच्या मते सरकारवर टीका करणाऱ्या कोणालाही तो लावता येत होता. त्या वर्षीच्या ५ सप्टेंबरला बंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात ज्येष्ठ नाटककार गिरीश कार्नाड ‘मी टू अर्बन नक्षल’ अशी पाटी गळ्यात अडकवून बसले. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि गळ्यात ती पाटी. काहींना ते धैर्य वाटलं, तर एका वकिलानं त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली.

‘तुकडे तुकडे गँग’ हा असाच दुसरा शब्द. तो सभांमध्ये, वाहिन्यांवर, बड्या नेत्यांच्या तोंडी सतत ऐकू येत होता. २०२० साली माहिती अधिकारात त्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा केंद्रीय गृह खात्यानं अशा टोळीबद्दल आपल्याकडे काही माहिती नाही असं लेखी कळवलं.

महाराष्ट्र विधानसभेनं १० जुलै २०२५ला विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. चर्चेत आणि बातम्यांत त्याचं नाव ‘अर्बन नक्षल’ विधेयक असंच पडलं होतं. मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांचा उल्लेख होता. संयुक्त समितीकडे साडेबारा हजारांवर सूचना आल्यानंतर त्या जागी ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना किंवा तत्सम संघटना’ असे शब्द आले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की डाव्या पक्षांविरुद्ध किंवा आंदोलकांविरुद्ध हा कायदा नाही. माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. आक्षेप घेणाऱ्यांचं बोट नेमकं ‘कडवा’ आणि ‘तत्सम’ या दोन शब्दांवर होतं. डावं कुठे संपतं आणि कडवं डावं कुठे सुरू होतं? सुरतेच्या मंडपातलं हद्दीचं भांडण इथे पुन्हा समोर आलं. फरक एवढाच की तिथे जोडा उडाला होता, इथे तुरुंगाची शिक्षा आहे.

संसदेनं शब्दांनाच वेसण घालायचा प्रयत्न करून पाहिला आहे. असंसदीय शब्दांची यादी तिथे असते. २०२२च्या जुलैमध्ये आलेल्या पुस्तिकेत ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’, ‘शकुनी’ असे शब्द दिसले आणि गदारोळ झाला. मग लोकसभा अध्यक्षांनी खुलासा केला की कोणत्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ पाहून ठरवलं जातं. संदर्भ न पाहिल्यास काय होतं, हे नाशिकच्या मतदारांना माहीत आहे. तिथले तेव्हाचे खासदार हेमंत गोडसे सभागृहात आले तेव्हा ‘गोडसे’ हा शब्द असंसदीय यादीत होता. आपलं आडनाव सभागृहात कसं चालणार नाही, अशी दाद त्यांनी पीठासीन अधिकाऱ्यांकडे मागितली. २०१५ साली लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी दुरुस्ती केली : नथुराम गोडसे हे नाव यादीत राहील, नुसतं गोडसे हे आडनाव नाही.

तीन प्रश्न

राजकीय शिक्क्यांचा अर्थ कधीच पक्का होणार नाही, आणि तो पक्का व्हावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. दादाभाई एका पिढीत जहाल आणि दुसऱ्या पिढीत मवाळ ठरू शकतात, हे राजकारण जिवंत असल्याचं लक्षण आहे. पण वाचकाला, मतदाराला एवढं करता येतं. कोणी कोणाला गद्दार, भक्त, फुरोगामी, अर्बन नक्षल, चमचा म्हणालं की तीन प्रश्न विचारावेत. कोणती कृती केल्यावर हे नाव लागू पडतं? तीच कृती आपल्या बाजूच्या माणसानं केली तर त्यालाही ते लावणार का? आणि काय केल्यावर हे नाव पुसलं जाईल? पहिल्याचं उत्तर मिळालं तर ते वर्णन आहे, त्याच्याशी वाद घालता येईल. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो पक्षपात आहे. तिसऱ्याचं उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं तर ती निव्वळ शिवी आहे, तिच्यावर वेळ घालवू नये.

कट्ट्यावर, व्यंगचित्रात, निवडणुकीच्या सभेत शिव्यांना मोकळीक असू द्यावी. त्यांच्यावाचून राजकारण अळणी होईल. मात्र ज्या कागदावर सरकारची मोहोर उमटते, तिथे व्याख्या नसलेला एकही शिक्का खपवून घेऊ नये, मग सरकार आपल्या आवडीचं असो वा नावडीचं.